पुस्तकाच्या मागच्या पानावर स्वतःची ओळख कशी लिहायची?

माणदेशी_वाट

नमस्कार मंडळी. अडचण लहानशी आहे, पण तीन आठवडे तिनं पिच्छा सोडलेला नाही.

मी माण तालुक्यातली. एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्रातली नर्स, म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत वाड्यावस्त्यांवर फिरताना बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेत गेले. त्यातल्या ४१२ ओव्यांचं पुस्तक पदरच्या पैशानं छापते आहे. मजकूर लागला, मुखपृष्ठ झालं. आता छापखान्याचे दादा म्हणतात, "मॅडम, मलपृष्ठावर तुमची ओळख पाहिजे. दीडशे शब्द. शनिवारपर्यंत द्या."

लिहिलंय ते असं :

"श्रीमती अमुक अमुक यांचा जन्म एका शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण दहावी व एएनएम कोर्स. आरोग्य खात्यात ३१ वर्षे प्रदीर्घ सेवा. वाचन, भजन व बागकामाची आवड. विविध पुरस्कारांनी सन्मानित. प्रस्तुत पुस्तक हा त्यांचा अल्पसा प्रयत्न असून वाचकांनी तो गोड मानून घ्यावा."

यात खोटं काहीच नाही. तरी वाचताना वाटतं, ही बाई कोण? मैत्रिणीला दाखवलं तर म्हणाली, "निरोप समारंभाचं मानपत्र वाटतंय." ओव्या ज्यांच्या आहेत त्या बायका या पानावर कुठेच नाहीत आणि मीही नाही. तुम्ही कुणी स्वतःची अशी ओळख लिहिली आहे का? सुरुवात कुठून केलीत?

चिंचेचा_पार

ताई, आमच्या गावात ओळखीचा एकच प्रश्न असतो. पारावरच्या म्हाताऱ्या विचारतात, "कुणाची गं तू?" आपण नाव, शिक्षण, नोकरी सगळं सांगितलं तरी त्या नुसत्या बघत राहतात. "खालच्या आळीतल्या तात्यांची नात" म्हटलं की लगेच, "अगं मग असं सांग की!" आणि चहा.

तुमच्या मसुद्यात ते "असं सांग की" राहिलंय.

शाईचा_डाग

बावीस वर्षं मुद्रितं तपासतो आहे, त्यामुळे असे परिचय शेकड्यांनी वाचलेत. तीन-चार गोष्टी मनापासून सांगतो.

पहिली गोष्ट व्याकरणाची, पण सगळी गाडी तिथेच अडते. तुम्ही स्वतःबद्दल "यांचा", "त्यांचा" लिहिलंय. मराठीत "त्या" म्हटलं की आपणच आपल्याला अहो-जाहो केल्यासारखं होतं. "ती" म्हटलं तर शेजारच्या पोरीबद्दल बोलतोय असं वाटतं. बरं, हे कुणी लिहिलंय तेही कळत नाही. म्हणून स्वतः लिहिताय तर सरळ "मी" लिहा. दुसऱ्या कुणी लिहून दिलं तर "त्या" चालेल, पण मग खाली त्या माणसाचं नाव छापा.

दुसरी, "विविध पुरस्कारांनी सन्मानित". कुठला पुरस्कार? एक असेल आणि जवळचा असेल तर नाव घ्या, नाहीतर ओळ काढा. "विविध" म्हटलं की एकही डोळ्यांसमोर येत नाही.

तिसरी, "अल्पसा प्रयत्न, गोड मानून घ्यावा". ताई, ४१२ ओव्या आणि तीस वर्षं याला अल्पसा म्हणू नका. आपल्याकडे नम्रतेचं हे वाक्य आमंत्रणपत्रिकेतल्या "आहेर आणू नये"सारखं छापूनच येतं. वाचणाऱ्याला ते दिसतसुद्धा नाही.

आणि आता तुम्हालाच काही विचारतो. पहिली ओवी कुठे ऐकलीत? वेळ काय होती? लिहून कशावर घेतलीत? शनिवारच्या आत एवढीच उत्तरं द्या, दीडशे शब्दांचं मग बघू.

रानमोगरा

शाईचा_डाग यांना +१. बागकाम काढा. बागकामाची आवड मलाही आहे, म्हणून माझं पुस्तक कोण घेईल?

बोरी_बाभळी

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. शिक्षण, पदव्या, नोकरीची वर्षं हे सगळं "कोरडं" म्हणून कापून टाकायचा सल्ला नेहमी दिला जातो. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदव्या आहेत त्यांना ते जमतं.

माझे वडील १९७८ साली बी.ए. झाले, आमच्या वस्तीतले पहिले. साठीत त्यांचा कवितासंग्रह निघाला, तेव्हा त्यांनी नावापुढे बी.ए. लिहिलं. प्रकाशक म्हणाला, काका, हल्ली असं कुणी लिहीत नाही, काढू या. वडील म्हणाले, "एखादी कविता काढ. बी.ए. राहू दे." आजोबा दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायचे. त्या दोन अक्षरांसाठी त्यांनी बैलजोडीतला एक बैल विकला होता. वडिलांच्या लेखी ती दोन अक्षरं संग्रहातल्या कुठल्याही कवितेपेक्षा मोठी होती, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

म्हणून ताई, तुमची दहावी काढू नका. तुमच्या पिढीत, माण तालुक्यात, मुलीनं दहावी होऊन नर्सिंगला जाणं सोपं होतं का? ते सांगा.

शाईचा_डाग

बोरी_बाभळी, मान्य. मी घाईत सगळं एकाच सुपात पाखडलं. तुमच्या वडिलांचं बी.ए. राहायलाच हवं. फक्त "शिक्षण : बी.ए." वाचून मला तो बैल दिसत नाही. "वस्तीतला पहिला बी.ए." असं असतं तर निदान कान टवकारले असते.

टाळ_चिपळी

आमच्या घरात कीर्तनाची परंपरा आहे आणि मी मराठी शिकवतो, तेव्हा जरा मागे जातो.

आपल्या भाषेत लेखकानं स्वतःची ओळख देण्याची चाल छापखान्याबरोबर आलेली नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ हे साल आहे, टीका कुणी केली ते नाव आहे आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदरानं लिहून घेतली हेही आहे. म्हणजे इ. स. १२९० मध्ये कर्ता, काळ आणि लेखनिक तिन्ही एका ओवीत बसले. आणि लेखनिकाचं नाव मूळ मजकुरात आहे, तळटीप म्हणून नाही. ताई, तुम्ही या ओव्यांच्या लेखनिक आहात. तुमची जागा परंपरेनं आधीच ठरवून ठेवली आहे.

अभंगाच्या शेवटी नाममुद्रा येते. कुणी नुसतं नाव घालतं. नाथांनी "एका जनार्दनी" म्हणून गुरूचं नाव आपल्या नावाला जोडलं. जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते. दोन शब्दांत कोण, कुणाची, कुठे उभी, सगळं येतं. चिंचेचा_पार यांच्या म्हाताऱ्यांचा प्रश्नही तोच आहे.

आणि तुकोबा. त्यांचा एक अभंग सबंध आत्मकथनाचा आहे. त्यात जात आहे, व्यवसाय आहे, आईबाप गेल्याचं आहे, दुष्काळात पैसा आटला, मान गेला आणि एक बायको "अन्न अन्न" करत मेली तेही आहे. पण दुःखाचं हे सांगण्याआधी ते काय म्हणतात ते बघा : हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून शब्द पाळतो. कुणीतरी विचारलं, म्हणून सांगितलं. कोऱ्या कागदासमोर बसून स्वतःबद्दल लिहायचं म्हटलं की मानपत्रच होतं. समोर विचारणारं माणूस असलं की बोलणं होतं. शाईचा_डाग यांनी तुम्हाला विचारलं आहे. त्यांना उत्तर द्या, तेच छापा.

भीमाकाठ

टाळ_चिपळी सर, सोयराबाई राहिल्या. त्या स्वतःला "चोख्याची महारी" म्हणवतात. नवऱ्याचं नाव आणि जात दोन्ही मुद्रेत, कुणी विचारायच्या आत.

यावरून एक बोलायचं होतं. "कुणाची गं तू?" हा प्रश्न सगळ्यांनाच गोड लागत नाही. गाव आणि आडनाव सांगितलं की समोरचा माणूस मनात खण उघडतो आणि आपल्याला त्यात ठेवतो. मी बारा वर्षं लिहिते आहे. पहिल्या लेखाच्या वेळी परिचयात आडनाव दिलं नाही, फक्त नाव. संपादकांनी फोन करून तीनदा आडनाव विचारलं. नाही सांगितलं. पाच वर्षांनी मीच ते लिहायला लागले, तेही पूर्ण, गावासकट. आधी लपवायचं होतं असं नाही आणि नंतर मिरवायचं होतं असंही नाही. कधी, कुठे आणि कुणाला सांगायचं ते माझ्या हातात हवं होतं, इतकंच. परिचय लिहिताना काय घालायचं याच्याइतकंच काय आज घालायचं नाही हेही आपलं आपण ठरवायचं.

चिंचेचा_पार

भीमाकाठताई, तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या पारावर चहा सगळ्यांनाच मिळायचा असं नाही. लहानपणी ते दिसत नव्हतं, आता दिसतं.

दुपारची_झोप

विषय सोडून विचारतो. फोटो कुठला देणार? माझ्या मामांनी पुस्तकावर आधार कार्डाच्या वेळचा फोटो छापला. मामी म्हणाल्या, "कविता प्रेमाच्या आणि चेहरा पोलीस ठाण्यातला." दुसऱ्या आवृत्तीला अंगणातला, हसतानाचा टाकला.

माणदेशी_वाट

सगळ्यांचे आभार. एकेक उत्तर दोनदा वाचलं. मुलाला ते बैलाचं वाचून दाखवलं, तो बराच वेळ गप्प होता.

शाईचा_डाग भाऊ, तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

१९९३ चा पावसाळा. नोकरीचं दुसरं वर्ष. एका वाडीत नऊ महिन्यांच्या बाळाला गोवरची लस द्यायची राहिली होती. त्याची आई रोजगार हमीच्या कामावर जायची. दिवसा गेलं की घराला कुलूप, म्हणून पहाटेच निघाले. खांद्याला लसीची पेटी, आत बर्फाच्या थैल्या, काखेत रजिस्टर. वाडीतली गिरण वीज नसल्यानं चार दिवस बंद होती. झोपडीत शिरले तर ती दळत होती. एक पाय लांब, त्यावर बाळ निजवलेलं, उजव्या हातात खुंटा. डाव्या हातानं मूठमूठ बाजरी जात्याच्या तोंडात. पाय हलला की बाळ हलायचं, म्हणजे पाळणा वेगळा नकोच. मी म्हटलं, बाळाला घे. ती म्हणाली, "एवढं सुपातलं होऊ द्या बाई. ते उठलं की मग दळण होत नाही."

मी थांबले. बर्फ वितळेल म्हणून जीव खालीवर होत होता. ती आपली म्हणत होती :

दळण दळीते, हात माझा गं खुट्याला
बंधूच्या बैलांची, धूळ दिसती फाट्याला

माझी आई असंच दळायची. अंगावर काटा आला. जवळ कागद नव्हता. रजिस्टर उघडलं आणि त्या बाळाच्या नावासमोर "शेरा" असा रकाना असतो, त्यात बारीक अक्षरात ओवी लिहिली. मग लस दिली.

पुढे दोन-तीन महिने शेऱ्याच्या रकान्यात ओव्याच. तपासणीला वरिष्ठ आले, पान उलटता उलटता थांबले. मला समोर उभं केलं. म्हणाले, हे काय? मी काहीच बोलले नाही. त्यांनी सगळ्या वाचल्या. मग पिशवीतून दोनशे पानी वही काढून दिली, "रजिस्टर सरकारचं आहे, हे यात लिहीत जा." ती वही अजून आहे. पुढे तिला आणखी सहा वह्यांची सोबत झाली.

आणि "श्रीमती"बद्दल. आधी मी "सौ." लिहिलं होतं. यांना जाऊन चार वर्षं झाली. दादांनी हळूच सांगितलं, मॅडम, आता श्रीमती लिहावं लागेल. त्यांनी नीटच सांगितलं, पण त्या दिवशी पुढचं काही लिहवलं नाही.

रानमोगरा

ताई 🙏 डोळ्यांत पाणी आलं. "धूळ दिसती फाट्याला"... माहेरची वाट एका ओळीत.

ओटीवरची_पणती

सौ., श्रीमती, कुमारी, काहीही लावू नका. नुसतं नाव लिहा. पुरुष लेखकाच्या नावामागे त्याची बायको आहे की गेली हे सांगणारं एकही अक्षर नसतं.

आणि नाव कुठलं ते एकदा बसून ठरवा. मी माझ्या पाककृतींच्या पुस्तकावर माझं नाव, आईचं नाव आणि माहेरचं आडनाव लावलं, कारण पदार्थ आईचे होते. सासरी थोडी कुजबुज झाली, मग विरली. आता तर १ मे २०१४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम राज्यानं २०२४ पासून लावलाय. आपल्या पिढीला ते कुणी दिलं नाही, पण स्वतःच्या पुस्तकावर घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

कातळशिल्प

सगळे गहिवरलेत, पण एक अवघड गोष्ट मांडतो. ताई, राग मानू नका.

रजिस्टरची हकिगत सुंदर आहे. पण ती मलपृष्ठावर आली की पुस्तक तुमचं होतं. ओव्या त्या बायकांच्या आहेत. लोकगीतांच्या संग्रहांत हे वर्षानुवर्षं होत आलंय : गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर, गाणारीचं कुठेच नाही. फार तर "एक वृद्ध महिला".

वेगळं कामही झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो, पुष्कळदा वय, मुलं किती, काम काय तेही. मला त्या चार ओळी कुठल्याही साहित्यिक परिचयापेक्षा भारी वाटतात. "वय ६०, दोन मुलं, तीन मुली, शेती" असं काही वाचलं आणि मग ओवी ऐकली की आवाजाला माणूस मिळतं.

तुमच्या पुस्तकात त्या बायकांची नावं आहेत का? असतील तर मागच्या पानावर तुमच्याऐवजी त्यांची यादी छापा.

टाळ_चिपळी

मुद्दा रास्त आहे, पण "तुमच्याऐवजी" नको. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापली गेली, त्या गेल्यानंतर. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून आपल्यापर्यंत आली. टिपणारा हात दिसला तर गाणारीचं काही कमी होत नाही. उलट हे कागदावर कसं आलं ते वाचणाऱ्याला कळायला हवं. नाहीतर ओव्या आभाळातून पडल्या असं वाटतं.

कातळशिल्प

हात दिसू दे. चेहरा दिसायची गरज नाही एवढंच म्हणतोय.

बोरी_बाभळी

का नाही? पाच हजार वस्तीचं उपकेंद्र पायी फिरून सांभाळणाऱ्या बाईचा चेहरा कुठल्या पुस्तकावर पाहिलाय तुम्ही? मी तरी नाही. तोही पहिल्यांदाच दिसतोय.

कातळशिल्प

हे पटलं. माघार घेतो, पण यादीचा हट्ट सोडत नाही.

सातासमुद्री

मी इस्रायलमध्ये अश्दोदला राहते, बेने इस्रायल म्हणजे मराठी ज्यू घरातली. आमच्या आडनावात कोकणातलं गाव असतं, पुढे "कर". मुलांना ते गाव नकाशावरही सापडत नाही, पण नाव सांगितलं की ओळख तिथूनच सुरू होते. माझ्या आजीला बऱ्याच ओव्या यायच्या, पाळण्याच्याही. कुणी लिहून घेतल्या नाहीत. पुस्तक निघालं की मला दोन प्रती हव्यात.

शाईचा_डाग

ताई, कामाचं : आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतलात का? राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून तो मोफत मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावरही. ऑनलाइन अर्ज करायचा. दिवस लागतात, पण ग्रंथालयांना पुस्तक देताना बरं पडतं. मलपृष्ठावर खाली उजव्या कोपऱ्यात बारकोडसाठी जागा सोडायला सांगा, नाहीतर तो शेवटी तुमच्या मजकुरावर येऊन बसेल.

आता परिचयाचं. हकिगतीतला एकच क्षण उचला. दळण संपेपर्यंत तुम्ही थांबलात तो. वरिष्ठ, वही, बाकीचं सगळं आत मनोगतात जाऊ दे. पुस्तक हातात घेणारा माणूस मागचं पान उभ्या उभ्या वाचतो, बसून नाही.

माणदेशी_वाट

कातळशिल्प भाऊ, राग कसला. हा प्रश्न माझ्याच मनात होता, म्हणून तर पहिल्या दिवशी लिहिलं होतं की त्या बायका या पानावर नाहीत.

नावं आहेत. ४१२ पैकी ३६० ओव्यांखाली नाव आणि गाव आहे, एकूण ९७ बायका. जिवंत होत्या त्यांना घरी जाऊन विचारलं, छापू का? एकीनं नाही म्हटलं, तिच्या तीन ओव्या काढल्या. दोघी म्हणाल्या, ओवी छापा, नाव नको, सुनेला आवडणार नाही. उरलेल्या ५२ ओव्यांपैकी काही त्या दोघींच्या, बाकीच्यांची नावं मी त्या वेळी लिहूनच ठेवली नाहीत. तेव्हा ओवी महत्त्वाची वाटली. कुणी म्हटली ते लक्षात राहील असं धरून चालले होते. नाही राहिलं. त्या ओव्यांखाली फक्त वाडीचं नाव आहे.

रात्री अकरा वाजता नव्यानं लिहायला बसले. टाळ_चिपळी सर म्हणाले तसं, कुणी विचारतंय असं समजून लिहिलं :

"माण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी ३१ वर्षं नर्स होते. १९९३ च्या पावसाळ्यात एका वाडीत बाळाला गोवरची लस द्यायला पहाटे गेले, तेव्हा त्याची आई दळत होती. तिचं दळण होईपर्यंत थांबले आणि ती म्हणत होती ती ओवी लसीकरणाच्या रजिस्टरात, शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतली. मग जिथे जातं ऐकू आलं तिथे थांबत गेले. या पुस्तकातल्या ओव्या ९७ बायकांनी मला दिल्या, आणखी काही जणींची नावं मी लिहून ठेवली नाहीत. आहेत ती सगळी नावं गावांसह शेवटच्या पानांवर आहेत. मी दहावी शिकले. माझी आई शाळेत गेली नाही. तिला दीडशेच्या वर ओव्या पाठ होत्या. त्यातली एकही मी तिच्या हयातीत लिहून घेतली नाही."

यात मला विचारायचंय ते शेवटच्या वाक्याचं. मुलगा म्हणतो, काढ, लोक नावं ठेवतील.

ओटीवरची_पणती

काढू नका.

भीमाकाठ

ते सांगायचं की नाही हे फक्त तुम्हीच ठरवायचं, ताई. मी तुमच्या जागी असते तर ठेवलं असतं. त्या वाक्यावरून कळतं की दुसऱ्यांच्या आयांपाशी तुम्ही का थांबत होता.

शाईचा_डाग

ठेवा. फक्त एका शब्दाकडे लक्ष ठेवा. "ओव्या दिल्या" आहे तेच राहू द्या, दादा तिथे "सांगितल्या" करतील, करू देऊ नका. आणि "गोड मानून घ्यावा" गेलं याचा मला फार आनंद झालाय.

कातळशिल्प

"आणखी काही जणींची नावं मी लिहून ठेवली नाहीत" हे मलपृष्ठावर छापणारी व्यक्ती मी पहिल्यांदा बघतोय. मला जे म्हणायचं होतं ते सगळं त्यात आलं. यादी शेवटच्या पानांवर असली तरी चालेल.

दुपारची_झोप

आणि फोटो?

माणदेशी_वाट

फोटो जात्याजवळचा. आईचंच जातं, आता तुळशीपाशी ठेवलंय. नातीनं मोबाइलवर काढला. भीमाकाठताई, ते वाक्य ठेवलं. नाव नुसतं लिहिलं, पुढे-मागे काही नाही, मधे आईचं नाव.

चिंचेचा_पार

ताई, एक राहून राहून मनात येतंय. ते नऊ महिन्यांचं बाळ आता कुठे असेल?

रानमोगरा

हो ना! तिशी ओलांडली असेल त्यानं.

माणदेशी_वाट

चिंचेचा_पार, तुम्ही विचारलंत म्हणून शोध घेतला. तो कोइमतूरला असतो, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, आमच्या भागातली पुष्कळ पोरं जातात तसा. त्याच्या चुलत्याकडून नंबर मिळाला. काल संध्याकाळी फोन लावला. आई त्याच्याकडेच आहे, मला आवाजावरून ओळखलं. म्हणाली, "सुईवाल्या बाई का?"

मी तिला तिची ओवी वाचून दाखवली. दुसऱ्या ओळीला तिनं थांबवलं. "अवो बाई, पहाटं अंधारात धूळ कशी दिसंल? घुंगरं वाजती फाट्याला, असं हाय ते."

रानमोगरा, तुम्हाला धूळ आवडली होती, माफ करा. मी इतकी वर्षं चुकीचीच म्हणत होते. आज सकाळी छापखान्यात गेले. पान १७ दुरुस्त झालं, आता असं आहे :

दळण दळीते, हात माझा गं खुट्याला
बंधूच्या बैलांची, घुंगरं वाजती फाट्याला